दुसरी सही

जर्मन विभागातले कोशकार सकाळपासून एका शब्दावर अडून बसले होते. मुटरझेलनअलाइन. मुटर म्हणजे आई, झेले म्हणजे जीव, अलाइन म्हणजे एकटा. तिन्ही जोडून, अगदी एकटा. व्युत्पत्तीही त्यांनी झकास लिहिली होती. ‘आईचा जीव’ म्हणजे आईच्या पोटी जन्मलेलं कुणीही माणूस. तसं एकही जवळ नाही, तो हा!

घोडं अडलं होतं सहीपाशी. कोशाचा नियमच होता, दुसऱ्या जाणकाराने तपासून सही केल्याशिवाय शब्द छापायचा नाही. आणि जर्मन विभागात चार वर्षांपासून त्यांच्याशिवाय दुसरं माणूसच नव्हतं. पाच वाजता पानं छापखान्यात जायची होती.

“बाई, तुम्ही करा ना सही.”

“मला जर्मनमधलं ओ की ठो कळत नाही,” रशियन विभागातल्या बाई म्हणाल्या. “चुकलं तर माझ्या गळ्यात!”

संपादकांनी तर विषयच मिटवला. “मग गाळा की. एका शब्दाने काय आभाळ कोसळतंय?”

कोशकारांना ते फार लागलं. घरी दार उघडायला कुणी नाही, बोलायला कुणी नाही. अख्ख्या कोशात हा एकच शब्द त्यांना आपला वाटत होता.

राहता राहिली त्यांची थोरली बहीण, ताई. जन्मभर तिने शाळेत जर्मन शिकवलं होतं. पण आई गेल्यावर दोघांचं बिनसलं आणि आधी फोन कुणी करायचा, यावर दोघं सात वर्षं हटून बसली होती. चार वाजता कोशकारांनी मुकाट्याने नंबर फिरवला.

“मी बोलतोय.”

“आहेस का जिवंत?”

“ताई, एक व्युत्पत्ती वाचतो. पटली तर ‘मान्य’ एवढंच लिहून पाठव.”

त्यांनी वाचली.

“साफ अमान्य! अरे शहाण्या, ते फ्रेंचवरून आलंय. म्वा तू सल, म्हणजे मी एकटाच. त्याचीच पुढे मोडतोड झाली.”

“ती लोकांनी रचलेली गोष्ट आहे! पुरावा दाखव.”

“मला पुरावा मागतोस? तुला जर्मन मुळाक्षरं कुणी शिकवली?”

“तूच. तीही चुकीची!”

मग काय विचारता! सात वर्षांचं तुंबलेलं भांडण धो धो वाहू लागलं. मध्येच ताई म्हणाली, “आई असती तर दोघांना धपाटे घातले असते,” आणि दोन्हीकडे नाकं ओढल्याचे आवाज आले. “जेवतोस ना रे वेळेवर?” असंही झालं. मग पुन्हा फ्रेंच.

पाच वाजले. संपादक दारात उभे.

“आली सही?”

कोशकारांनी नकारार्थी मान हलवली.

“मग गाळला. कारण लिहा इथे.”

गाळलेल्या प्रत्येक शब्दापुढे चार वर्षं ते एकच कारण लिहीत आले होते, ‘दुसरी व्यक्ती उपलब्ध नाही’. आज रिसीव्हर खांद्यात दाबून धरत त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘मतभेद’.

“हां ताई,” ते खुर्चीत ऐसपैस रेलून म्हणाले, “आता बोल. माझं काय चुकलं?”