मच्छिंद्रचं तरंगतं रक्त

राहू गावच्या समाजमंदिरात जयंतीचं रक्तदान शिबिर भरलं, तेव्हा मच्छिंद्र सोनवणेची पंचविसावी बाटली बाकी होती. पंचविसावीला मंडळाची ढाल ठरली होती. तिच्यावर त्याचं नाव आधीच कोरून आलं होतं आणि सकाळपासून त्यानं ती इतक्या जणांना दाखवली होती, की नावापेक्षा बोटांचे ठसेच जास्त दिसत होते. घाईला कारणही तसंच होतं. शेजारचा सोपानराव चोवीसवर येऊन टेकला होता.

रांगेत पहिला मच्छिंद्रच. तपासणीला आलेल्या गौतमीनं त्याच्या बोटाला सुई टोचली आणि रक्ताचा थेंब निळ्या पाण्यात सोडला. थेंब जरासा खाली गेला, मधेच त्याचं मन बदललं आणि बेडकासारखा वर येऊन तो तरंगायला लागला.

"हे मोरचुदाचं पाणी दिसतंय," मच्छिंद्र म्हणाला. "आमी टमाट्यावर मारतो."

"मोरचूदच आहे काका. तुम्ही जरा बाजूला बसा."

मागून सोपानरावानं मान लांब केली. "काय झालं रं?"

मच्छिंद्रनं एकदा ढालीकडं पाहिलं. "तरंगलं," तो म्हणाला. "मॅडम म्हनल्या, बाजूला बसा. पोहणारं रक्त हाय, येगळं घेत्यात."

आता नदीकाठच्या गावात तरंगणं चांगलं का बुडणं, हे कुणी कुणाला शिकवायला लागत नाही. सोपानरावाचा थेंब दगडासारखा तळाला गेला आणि त्याचा चेहरा थेंबाच्या मागोमाग उतरला.

"मी म्हनत व्हते, ह्यांना टॉनिक लावा," त्याची बायको रंगुबाई डोळ्याला पदर लावून म्हणाली.

पुढच्या सात जणांचेही थेंब बुडाले. एकाला तिथंच घाम फुटला. दुसऱ्याला आपल्याला कालपासून अशक्तपणा वाटतोय, हे आठवलं. कॉटवर झोपलेले उठून चपला शोधायला लागले. अर्ध्या तासात सहाच्या सहा कॉट रिकाम्या.

गौतमीनं माईक ओढला. "ऐका, थेंब बुडाला तर रक्त चांगलं, जड आहे. तरंगला तर रक्तक्षय."

कर्ण्यातून बाहेर पडला तो फक्त 'क्षय'. माणसं मच्छिंद्रपासून सहा हात मागं सरली. आचाऱ्यानं मसालेभातावर झाकण ठेवलं आणि स्वतः त्यावर बसला.

"खोकल्याचा क्षय नाही हो," गौतमी कळवळून म्हणाली. "रक्त कमी आहे त्यांचं." तिनं मशीनवर पुन्हा तपासलं. "बघा, हिमोग्लोबिन साडेबारा लागतं, ह्यांचं नऊ भरलंय. काका, यवतच्या लॅबमध्ये जा. काचेवर पेशी बघतात. लहान, फिकट निघाल्या तर बहुतेक लोह कमी, मोठ्या निघाल्या तर बी-बारा. मूळव्याध आहे?"

"न्हाई."

"जंत? अंगदुखीच्या गोळ्या खाता?"

"न्हाई."

"मग एवढं रक्त जातंय कुठं?"

उत्तर बायकांच्या रांगेतून आलं.

"हेल्मेटात," त्याची बायको अंजना म्हणाली. "दर शिबिराला रक्त दिलं की एक हेल्मेट भेट देत्यात. घरात पाच हायत मॅडम, आन् गाडी एक. दिवाळीपासनं शिरूरला एक शिबिर, यवतला दोन, कवठे येमाईला एक, पाचवं कुठलं ते मलाबी सांगितलं न्हाई. एका हेल्मेटात मी कोथिंबीर लावलीय."

"काका, दोन वेळांत तीन महिने जावे लागतात."

"तीन महिनं थांबलो असतो, तर ह्यो पुढं गेला असता," मच्छिंद्र सोपानरावाकडं न बघता म्हणाला. मग रिकाम्या कॉट बघून त्यालाच राहवलं नाही. त्यानं माईक घेतला. "ज्यांचं बुडालं त्यांनी झोपा. त्यांचंच रक्त बरं हाय. पोहणाऱ्याचं मी खोटं बोललो."

कॉट भरल्या. सोपानरावाची पंचविसावी बाटली झाली आणि ढालीवर मच्छिंद्रच्या नावावर चिकटपट्टी मारून त्याचं नाव लिहिलं गेलं. पट्टी पावसाळ्यापर्यंत टिकणार नाही, एवढा हिशेब मच्छिंद्रनं मनात केला.

अंजनाचा थेंब सरळ तळाला गेला. तिनं आयुष्यात पहिल्यांदा रक्त दिलं, चहा-बिस्किट घेतलं, तासभर बसली आणि सहावं हेल्मेट डोक्यावर चढवून गाडीपाशी आली.

"किल्ली आना. रक्त मी दिलं, पर चक्कर तुमाला यील."

मच्छिंद्र गौतमीनं दिलेली लोहाच्या गोळ्यांची पुडी मुठीत धरून मागं बसला. घरी पाच हेल्मेट होती, आणि डोकं उघडं.