नारळ प्रलंबित

जे काम आपोआप होतं, त्याला माणसं जास्त लागतात. जगाला ही गोष्ट अजून नीट समजलेली नाही. बुलढाण्यातल्या एका कार्यालयाला (नाव कायले घ्या, सगळी सारखीच) ती गुलाबी बोंडअळीच्या वर्षी समजली.

बीटी कपाशीवर अळी येत नाही, असं सगळ्यांना सांगून झालं होतं. अळीला सांगायचं राहून गेलं. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत गुलाबी पाहुणा. तेव्हा ठरलं की नुकसानीची मोजणी आता क्लाऊडवर करायची. तोही खासगी क्लाऊड. म्हणजे आपल्या मालकीचा, जुन्या बियाणे गोदामामागच्या खोलीत एसी लावून ठेवलेला. खोलीत तीन सर्व्हर, आणि त्यांच्या पोटात जिल्ह्यातल्या प्रत्येक गावाची वेगळी व्हर्च्युअल मशीन. व्हर्च्युअल मशीन म्हणजे जी दिसत नाही पण काम करते. (कार्यालयाला ही कल्पना नवीन होती. दिसतात पण काम करत नाहीत, अशांचा अनुभव दांडगा.)

प्रत्येक गावाला वेगळी कशाला? कार्यालयाचे प्रमुख रामराव साहेब यांनी बैठकीत खुलासा केला, की एका गावची अळी दुसऱ्या गावच्या आकडेवारीत शिरू नये. मुद्दा बिनतोड होता. वावरात ती शिरतच होती, पण ते काम दुसऱ्या विभागाकडे होतं.

मशीन उभ्या करायला घेतला चंद्रशेखर. कंत्राटी. जळगाव जामोदच्या पल्याडच्या पिंपळखेडचा. क्लाऊड शिकला तो घराच्या गच्चीवर, मोबाईलवर व्हिडिओ पाहून, कारण रेंज तिथेच यायची. त्याने स्क्रिप्ट लिहिली. गावाचं नाव टाकायचं, बटण दाबायचं, बस. मशीन आपली आपण जागा घेते, मेमरी घेते, अळी मोजायचा प्रोग्राम बसवून घेते आणि कामाला लागते. हाताने केलं की चुका होतात, असं व्हिडिओत सांगितलं होतं. म्हणून त्याने अशी सोयच ठेवली नाही. हाताने कुणाला काही करता येऊ नये. त्यालाही.

साहेबांसमोर चाचणी झाली. चहा संपेपर्यंत तीन गावं उभी राहिली. साहेब गंभीर झाले.

"चंद्रशेखर, हे झालं कधी?"

"आत्ताच, साहेब. आपोआप."

"मंग उद्घाटन?"

प्रश्न योग्य होता. उद्घाटनाशिवाय झालेली गोष्ट शासनाच्या दृष्टीने झालेली नसते. (अशाच कारणाने धाड गावाकडचा एक पूल बांधून पूर्ण आहे आणि लोक नाल्यातून जातात.) तेव्हा स्क्रिप्टमध्ये एक पायरी वाढवण्यात आली. मशीन तयार झाली की थांबेल. तिच्या नावाने नारळ फुटेल. फोटो अपलोड होईल. साहेब 'मंजूर' दाबतील. मग मशीन चालू. तोवर पडद्यावर अक्षरं यायची: नारळ प्रलंबित.

पहिला नारळ सर्व्हरच्या खोलीत फुटला आणि पाणी यूपीएसमध्ये गेलं. तेव्हापासून नारळ व्हरांड्यात. अमावस्येला नाही, बैठकीच्या दिवशी नाही, साहेब दौऱ्यावर असताना तर नाहीच.

नारळ यायचे गुलाम रसूल चाचांच्या किराणा दुकानातून. चाचांनी एकदा विचारलं, "काय बेटा, मोठं मंदिर बांधून राह्यले का?"

"नाही चाचा, मशीनी चालू करून राह्यलो."

"झाल्या का चालू?"

"नाही ना."

"मंग नारळाले नाव नको ठेवजो," चाचा म्हणाले आणि पोतं उचलून दिलं.

आता चंद्रशेखरची करामत. सर्व्हर तीनच, मेमरी मोजकी. म्हणून त्याने सुरुवातीलाच एक शहाणपणाचा नियम घातला होता: जी मशीन आठवडाभर काहीच काम करत नाही ती पुसून टाकायची, जागा पुढच्या गावाला द्यायची, आणि पुसलेलं गाव रांगेच्या शेवटी लावायचं. नियम पुस्तकी होता, उत्तम होता. फक्त नारळाची वाट पाहणारी मशीन कामच करत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. म्हणजे गाव उभं राहायचं, नारळाची वाट पाहायचं, पुसलं जायचं, पुन्हा रांगेत लागायचं. सारं आपोआप. कुणाचा हात न लागता.

अहवाल मात्र झकास दिसू लागले. जिल्ह्यात गावं चौदाशेच्या आसपास, तयार झालेल्या मशीन चार हजारांवर. राज्यात एवढं काम कुणाचं नव्हतं.

इकडे पिंपळखेडात त्याची आई सिंधूताई दोन एकर कपाशीची पऱ्हाटी उभी ठेवून बसली होती. कार्यालयाच्या भिंतीवर दोन फलक होते. पहिला म्हणत होता, वेचणीनंतरही पीक उभं राखून फरदड ठेवू नका, कपाशी ताबडतोब उपटा, नाहीतर अळी वाढेल. दुसरा म्हणत होता, गावाच्या मशीनवर उभ्या पिकाचा फोटो चढेपर्यंत उपटू नका, नाहीतर नुकसान धरलं जाणार नाही. दोन्ही फलकांवर सही एकाच साहेबांची. गाव पहिला फलक वाचून मोकळं झालं. लोकांनी पऱ्हाटी उपटली, हरभरा टाकला. सिंधूताईचा पोरगा दुसऱ्या फलकाच्या खात्यात होता.

ती रोज फोन करायची.

"चंद्या, उपटू का रे? हरभऱ्याची ओल जाऊन राह्यली."

"थांब ना आये. मशीन येऊन राह्यली."

"शेजारचे नारायणराव हासते मले. म्हणते, पोरगं साहेबाच्या बगलेत हाये, तुमची मशीन बँड लावून येईन."

"येईन वं."

"तूच बनवली ना ते? मंग तुहं काऊन नाही आयकत?"

याला उत्तर होतं, पण ते आईला सांगण्यासारखं नव्हतं. व्हिडिओतही नव्हतं.

त्याने चूक शोधली. एका ओळीची होती. पुसायचा नियम मंजुरीनंतर लावायचा, संपलं. पण स्क्रिप्ट बदलायलाही साहेबांचीच मंजुरी. तो त्यांच्याकडे गेला. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हे केल्यावर चार हजारांचे किती होतील?"

"चौदाशे, साहेब. पण चालणारे."

"सरकारी आकडा मागं चालताना पाह्यला का बे कधी?"

चंद्रशेखरने पाहिला नव्हता. त्याने स्वतःच्या खिशातून एक नारळ आणला, पिंपळखेडच्या नावाने व्हरांड्यात फोडला, फोटो चढवला. बाकी राहिलं ते 'मंजूर'चं बटण. साहेब नागपूरला गेले होते, स्वयंचलित प्रणाली जलद राबवल्याबद्दल सत्कार घ्यायला. पिंपळखेड पुसलं गेलं. पुन्हा उभं राहिलं. खोबरं शिपायांनी वाटून खाल्लं.

साहेब शाल घेऊन परत आले ते इतक्या आनंदात, की मंजुरीसाठी जेवढी गावं उभी होती तेवढी त्यांनी नारळ न पाहता एका दमात मंजूर केली. त्यात पिंपळखेड होतं. (उशिरा का होईना, कधीतरी आपोआप जुळून येणं, यालाच चंद्रशेखरच्या धंद्यात स्थैर्य म्हणतात.) मशीन चालू झाली. सिंधूताईने शेजारच्या पोरीकडून फोटो चढवला. मशीनने क्षणात हिशोब केला: गावात कपाशी उभी फक्त एका वावरात, गावाच्या क्षेत्राच्या मानाने बाधित क्षेत्र नगण्य. पिंपळखेड अळीमुक्त.

संध्याकाळी फोन आला.

"चंद्या, तुह्या मशीनचा निरोप आला रे मोबाईलवर."

"काय म्हणते?"

"म्हणते, साऱ्या गावानं पऱ्हाटी उपटली, तुम्ही काऊन नाही उपटली? फरदड ठेवल्याबद्दल नोटीस हाये म्हणते."

मग तिने विचारलं, आता हरभरा पेरून काही होईल का. त्यालाही माहीत होतं, की ओल गेली होती.

तक्रार कर, म्हणाला तो. सोय होती. प्रत्येक गावाच्या मशीनमध्ये त्याने स्वतः तक्रारीची खिडकी ठेवली होती. शेजारची पोर सापडून सिंधूताईने ती उघडली तोवर आठवडा गेला होता, आणि मशीन जाग्यावर नव्हती. अळीमुक्त गावाच्या मशीनला काम उरत नाही, आणि काम नसलेल्या मशीनचा नियम वर सांगितलाच आहे.

त्या खिडकीचं एक सांगायचं राहिलं. मुदतीत कुणी काही बोललं नाही, तर प्रणाली त्याच्या नावापुढे आपोआप 'समाधानी' लिहिते. जिल्हा नव्व्याण्णव टक्के समाधानी निघाला. सिंधूताई धरून. (उरलेला एक टक्का नेटवर्कमुळे.)

तुम्हीही इथवर वाचलं. मधे हसलाही असाल. बोलला मात्र काही नाहीत.

नोंद झाली आहे.