प्रवेशपूर्व सत्कार

सत्कार वेळेवर झाला पाहिजे, या मताचा मी आहे. अमरावतीच्या शेगाव नाका भागातील सर्वपक्षीय गौरव समितीचा मी संस्थापक-अध्यक्ष. यश मिळाल्यावर सत्कार कोणीही करतो, त्यात दूरदृष्टी ती काय? शिवाय दुसऱ्या समितीने माणूस आधी गाठला, तर आमचा हार कोणाच्या गळ्यात घालायचा?

म्हणून पंजाबराव तायडे यांची कन्या रूपाली हिने परदेशातल्या एका मेडिकल कॉलेजला अर्ज केल्याचं कळताच मी तातडीची सभा बोलावली. रूपाली बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. पदवी हातात येण्याआधी अर्ज चालतो, पण पदवी वेळेत सादर केली नाही तर अर्ज बाद होतो, असा त्या कॉलेजचा नियम. पोरीला लहानपणापासून डॉक्टरच व्हायचं होतं. आता फक्त शेवटची परीक्षा पास व्हायची राहिली होती. किरकोळ बाब! तिकडून "अर्ज मिळाला, धन्यवाद" असा मेल आला होता. तो मी सभेत उभ्याने वाचून दाखवला. आपल्याकडे अर्ज दिला तर कोणी मान वर करून पाहतं का? तिकडचा माणूस धन्यवाद म्हणतो, म्हणजे काम झालंच.

चौकात फ्लेक्स लागला. रूपालीचा फोटो कॉलेजच्या ओळखपत्रावरून घेतला. गळ्यातला स्टेथोस्कोप फ्लेक्सवाल्याने आपल्या मनाने घातला. माझा फोटो तिच्यापेक्षा मोठा आला, तो तांत्रिक कारणाने.

रूपाली धावतच आली. "काका, मी फक्त अर्ज केला! उतरवा ना तो फ्लेक्स. लोक मले डॉक्टर म्हणून राहिले."

"मग काय वकील म्हणतीन?" मी म्हटलं. "उद्या सकाळी सत्कार आहे, येजो."

"उद्या माझं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल आहे."

"प्रॅक्टिकल पुन्हा होते बेटा. प्रमुख पाहुणे पुन्हा भेटत नाहीत."

प्रमुख पाहुणे तिच्याच कॉलेजचे प्राचार्य होते. फार सुंदर बोलले. विद्यार्थ्याने वर्गाच्या चार भिंतींबाहेर पडलं पाहिजे, असं त्यांनी ठासून सांगितलं. टाळ्या मीच सुरू केल्या.

एक सत्कार घेतला की दुसरा नाकारता येत नाही, हे वऱ्हाडात कोणाला सांगावं लागत नाही. भातकुलीचे काका रुसले. "अमरावतीवाल्याइचा हार चालते, आमचा काहून नाही चालत?" झालं, भातकुलीला गेलो; प्राचार्य तिथे आणि पुढे प्रत्येक ठिकाणी प्रमुख पाहुणे म्हणून सोबत. मोर्शीच्या मामांनी तर भाचीची संत्र्यांनी तुला केली. संत्री कमी पडली, पारडं काही हलेना. तेव्हा रूपालीच्या हातातलं केमिस्ट्रीचं जाडजूड पुस्तक काढून घेतलं आणि काटा बरोबर आला. अकोल्याच्या आत्याबाईंनी 'डॉ. रूपाली हॉस्पिटल'चं भूमिपूजनच उरकलं. प्लॉट त्यांचा नव्हता, पण फोटोपुरता मिळाला. परतताना पोरगी गाडीत पुस्तक काढून बसली, तर पंजाबराव कासावीस झाले. "ठेव ना वं ते. लोक म्हणतीन, अजून पासच नाही झाली!"

इकडे घरी पेशंट येऊ लागले. पहिल्या इंदूबाई, गुडघा घेऊन.

"काकू, मी अजून बी.एस्सी. बी नाही झाली," रूपाली हात जोडून म्हणाली.

"म्हनूनच आली बाई. झाल्यावर तू कोनाले ओळखशीन?"

आलेल्या माणसाला उभं कसं ठेवायचं, म्हणून रूपालीच्या आई मनकर्णाबाईंनी अंगणात बाकडं टाकलं. बाकडं दिसल्यावर नंबर लागले. नंबर लागल्यावर ते पुकारायला माणूस हवा, म्हणून पंजाबरावांनी नोकरीवर रजा टाकली. रूपाली न्हाणीघरात कडी लावून अभ्यास करू लागली, तर तिथेही दारावर थाप पडायची. "डॉक्टर, गोळी जेवनाआंधी घेऊ का जेवल्यावर?"

परीक्षा तोंडावर आली आणि कॉलेजच्या फलकावर नोटीस लागली: हजेरी अपुरी असल्याने रूपाली पंजाबराव तायडे हिला परीक्षेला बसता येणार नाही. खाली प्राचार्यांची सही. रूपाली, पंजाबराव आणि मी, तिघंही त्यांच्या केबिनमध्ये गेलो.

"सर, तुमी सोता होते ना सगळ्या सत्कारांत!" रूपाली म्हणाली.

"होतो ना," प्राचार्य प्रेमाने म्हणाले. "म्हणून तर मी खात्रीने सांगू शकतो, तू वर्गात नव्हतीस."

"अन् तुमी?"

"मी ऑन ड्यूटी होतो."

परीक्षा हुकली. पदवी नाही म्हणून तिकडचा अर्जही बाद झाला. त्या आठवड्यात आमची सभा चालू असताना रूपाली आत आली. रडत नव्हती. निदान रडायला तरी पाहिजे होतं, असं नंतर बऱ्याच सदस्यांचं मत पडलं.

"मले राग येऊन राहिला काका," ती म्हणाली. "तुमचा बी, अन् माह्या बाबाचा बी. इतके हार घातले तुमी, शाली पांघरल्या, भाषणं ठोकली. कोन्या एकानं तरी विचारलं काय, पोरी, तुहा अभ्यास झाला काय म्हणून?"

आमचे सचिव रामराव घसा खाकरून म्हणाले, "हा मुद्दा विषयपत्रिकेवर नाही." खरंच नव्हता. सत्कारमूर्तीने समितीची घोर निराशा केल्याबद्दल खेदाचा ठराव एकमताने मंजूर झाला. फ्लेक्स उतरवला. आता चौकात नुसती चौकट उभी आहे. भागाची अब्रू जाते हो अशाने.

म्हणून तुमच्याकडे येणं झालं. नाही, चहा नको, बसा तुम्ही. परवा लग्नाच्या पंगतीत तुम्हीच शेजारच्याला सांगत होता ना, "आमची मेडिकललाच जाणार" म्हणून? मी पाठीमागच्या रांगेत जेवत होतो, स्वच्छ ऐकलं. तेव्हा पोरीचा एक चांगलासा फोटो द्या.

काय म्हणता? तिला विचारून सांगतो?

पंगतीत सांगताना विचारलं होतं काय?