टोपली सहाला रिकामी होते

संगणकाने माणसाला प्रश्न विचारायचे नाहीत. माणसाने सांगायचं, संगणकाने ऐकायचं. एवढी साधी गोष्ट जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांना कळत नाही आणि आपल्याला मात्र कळते, याबद्दल जावईबापूंच्या मनात काडीचीही शंका नव्हती. ते एका ऑफिसात रजेचे अर्ज भरण्याचं सॉफ्टवेअर सांभाळत. त्या सॉफ्टवेअरला एक अर्ज पुरा करायला सतरा प्रश्न लागत आणि शेवटी रजा नामंजूर होई, ही गोष्ट वेगळी. घरचं तत्त्व वेगळं, ऑफिसचं वेगळं. जावईबापू हे नाव त्यांना सासूबाईंनी मानाने दिलं होतं आणि बायकोने चिडवायला उचललं होतं.

सासूबाई शिवणकाम करायच्या. चाळीस वर्षं दुकान चालवलं, आणि मग डोळे सुईत दोरा ओवू देईनात म्हणून एका सकाळी शटर ओढलं ते ओढलंच. दुकानातली मशीन आणि लांबलचक मेज घरातल्या मागच्या खोलीत आलं. दोन महिने सासूबाई त्या मेजाशी नुसत्या बसून राहायच्या, आणि ते बघवत नसे. मग कोणा जुन्या गिऱ्हाइकाने त्यांची गाठ एका प्रकाशक बाईंशी घालून दिली, आणि सासूबाई पुस्तक लिहू लागल्या. बारा प्रकरणं, सगळी बाहीवर. बाही मुंढ्यात कशी बसवायची, म्हणजे खांद्याच्या गोलाईत एकही चुणी न येता कशी शिवायची, हे आपल्याइतकं कोणाला येत नाही असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खरं होतं. दोन महिन्यांनंतरच्या एका सोमवारी सकाळी दहापर्यंत सगळं पुस्तक हातात हवं, असं प्रकाशक बाईंनी बजावलं होतं. चुकलं तर छापखान्यातली पाळी दुसऱ्या कोणाच्या पुस्तकाला जाणार होती आणि पुढची पाळी वर्षभराने येणार होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी वर्षभराची खात्री दिलेली नव्हती.

अडचण होती ती संगणकाची. सासूबाईंनी एक वाक्य लिहिलं की तो म्हणे, अपडेट करू का. दुसरं लिहिलं की म्हणे, पासवर्ड जुना झाला. एकदा त्याने विचारलं, तुम्ही यंत्रमानव तर नाही ना? सासूबाईंनी खाली टाइप केलं, नाही हो, शिंपीण आहे. त्यावर त्याने त्यांना वाहतुकीच्या दिव्यांचे फोटो ओळखायला लावले. एका अपडेटनंतर सगळी बटणं उजवीकडून डावीकडे गेली, तेव्हा मात्र त्यांचा संयम सुटला.

"जावईबापू," त्या रविवारी चहाच्या वेळी म्हणाल्या, "माझ्या मशीनचं चाक चाळीस वर्षं उजव्या बाजूला आहे. एकदाही सकाळी उठून बघते तर ते डावीकडे, असं झालेलं नाही."

"आई, तुम्ही काळजीच करू नका," जावईबापू म्हणाले. "मी तुमच्यासाठी नवीनच सिस्टीम बनवतो. प्रश्न नाहीत, पासवर्ड नाही, अपडेट नाही. तुमची खोली आहे तशी स्क्रीनवर उतरवतो."

"आईला काय हवं ते आधी विचारशील का?" बायको म्हणाली.

"विचारायचं काय त्यात? मी निरीक्षण करतो. मोठी माणसं निरीक्षण करतात."

आणि खरंच त्यांनी निरीक्षण केलं. वही घेऊन एक अख्खी दुपार ते मागच्या खोलीत स्टुलावर बसून होते. सासूबाईंनी दोनदा चहा विचारला, त्यांनी दोनदा मानेनेच नको म्हटलं, कारण निरीक्षकाने बोलायचं नसतं. वहीत त्यांनी लिहिलं: मेज, म्हणजे चालू काम. कपाट, म्हणजे सामान. मेजाखाली वेताची टोपली, तिच्यात कपड्यांचे चुरगळलेले बोळे, म्हणजे कचरा. सासूबाई त्या दुपारी लेकीकडून दोरा ओवून घेऊन नातीचा फ्रॉक शिवत होत्या. कापडाच्या कात्रणांचा खच जमिनीवर पडला होता, तो जावईबापूंच्या पायांखालीच होता, आणि तो सोडून त्यांनी बाकी सगळं टिपलं.

तीन आठवड्यांत सिस्टीम तयार झाली. तिचं नाव त्यांनी निवांत ठेवलं. स्क्रीनवर एक मेज, एक कपाट, एक टोपली, बस्स. अक्षरं भिंतीवरच्या घड्याळातल्या आकड्यांएवढी मोठी, पण घड्याळच नाही, कारण घड्याळामुळे माणूस ताणाखाली येतो. केलेलं मागे घ्यायचं बटणही त्यांनी काढून टाकलं. चूक झाली तर पुसून पुन्हा लिहावं, त्याला वेगळं बटण कशाला? सासूबाईंच्या संगणकावरचं जुनं सगळं पुसून त्यांनी तिथे निवांत बसवलं आणि घरच्यांसमोर प्रात्यक्षिक दिलं.

"हा कागद मी टोपलीत टाकला. आता संध्याकाळचे सहा वाजले की काय होतं बघा."

सहा वाजले. संगणकातून एक पक्षी गोड शीळ घालून गेला आणि टोपली रिकामी झाली.

"अरे वा," सासूबाई म्हणाल्या. "अगदी माझ्या दुकानासारखंच की."

जावईबापूंना इतकं भरून आलं की दुकानात नेमकं काय व्हायचं हे विचारायचं राहूनच गेलं. "आणि आई, टोपलीतलं असं पुसलं जातं की मी स्वतः जरी शोधायला बसलो तरी सापडायचं नाही," एवढं मात्र त्यांनी अभिमानाने जोडलं. सासूबाई त्या वेळी पक्षी कुठे गेला ते बघत होत्या, त्यामुळे हे त्यांच्या कानावर गेलं नाही.

पुढचे बारा दिवस स्वर्गसुखाचे होते. सासूबाई रोज एक प्रकरण लिहीत आणि फोनवर म्हणत, "काही विचारत नाही हो तुमचं यंत्र. फार गुणी आहे." जावईबापू ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत सहकाऱ्यांना निवांतबद्दल सांगत. सहकारी हळूहळू दुसऱ्या टेबलावर जेवू लागले.

तेराव्या दिवशी, शनिवारी सकाळी, सासूबाईंचा फोन आला.

"जावईबापू, बारावं प्रकरण काल झालं. परवाच्या सोमवारी द्यायचंय. आता सगळे कपडे परत कधी आणताय?"

"कसले कपडे, आई?"

"अहो, प्रकरणं. रोज झालं की टोपलीत घालते. संध्याकाळी सहाला पक्षी वाजतो आणि टोपली जाते. आमचा इस्त्रीवाला सहालाच यायचा ना दुकानात. शिवून झालेलं टोपलीत टाकायचं, तो उचलून न्यायचा, इस्त्री करून आणायचा. मला वाटलं, तुम्ही प्रकरणं नेऊन शुद्धलेखन वगैरे बघत असाल."

जावईबापूंनी फोन एका कानाचा दुसऱ्या कानाला नेला. "आई, मग कचरा कुठे टाकायच्या तुम्ही?"

"कचरा जमिनीवर पडतो. मग झाडतात."

ते चपला न बदलताच सासरी पोचले. कपाट उघडून पाहिलं. तिथे बारा प्रकरणांची नुसती नावं होती, कारण सासूबाई कपाटात न कापलेलं कापड ठेवतात. मेजावर काहीच नव्हतं, कारण काम संपलं होतं. टोपली निवांत होती. ऑफिसातल्या एका मित्राकडून त्यांनी हरवलेलं शोधून देणारी तीन सॉफ्टवेअरं मागवून घेतली आणि दिवसभर ती चालवली. तिन्हींना मिळून एकच फाइल सापडली. ती त्यांनी स्वतःच चाचणीसाठी टाकलेली होती आणि तिच्यात 'अ अ अ अ' असं लिहिलेलं होतं.

संध्याकाळ उलटून गेल्यावर त्यांनी एक शहाणपण केलं. टोपली आपोआप रिकामी करण्याचा आदेशच निवांतमधून काढून टाकला. मग घसा साफ करून ते सासूबाईंसमोर उभे राहिले.

"आई, एक तात्पुरती तांत्रिक अडचण आहे."

"इस्त्रीत जळाले का?"

"हो."

"किती?"

"सगळे."

सासूबाई खाली बसल्या. मागोमाग येऊन पोचलेली बायको दारात उभी राहून सगळं ऐकत होती. जावईबापूंना खरोखर रडू येत होतं. आपण या बाईचं चाळीस वर्षांचं काम एका पक्ष्याच्या शिळेवर उडवून दिलं, हे त्यांना आता स्पष्ट दिसत होतं.

मग सासूबाई उठल्या, खोलीतलं खरं कपाट उघडलं आणि आतून खाकी कागदाची एक भलीमोठी गुंडाळी काढून मेजावर टाकली.

"हे काय?" जावईबापूंनी विचारलं. आयुष्यातला हा त्यांचा पहिला खरा प्रश्न असावा.

"कच्चं. कापडाला कात्री लावण्याआधी मी कागद कापते. चाळीस वर्षांत एकदाही थेट कापडावर गेले नाही. तुमच्या यंत्रात थेट लिहीन असं वाटलं तुम्हाला?"

बाराच्या बारा प्रकरणं पेन्सिलीने लिहिलेली होती, पण कागद होते बाह्यांच्या आकाराचे. ओळी गोलाईने वळत मुंढ्याकडे जायच्या आणि मनगटाशी येऊन अरुंद व्हायच्या. वाचायचं तर कागद तरी फिरवायचा, नाहीतर आपण मेजाभोवती फिरायचं.

"उद्या सकाळी माझा लॅपटॉप आणतो, टाइप करून टाकतो," जावईबापू म्हणाले.

"लॅपटॉप नाही," बायको म्हणाली. "यावरच कर. आईने बारा दिवस यावर लिहिलंय. तू एक दिवस लिहून बघ."

रविवारी उजाडता उजाडता जावईबापू निवांतसमोर बसले. सासूबाई कागद फिरवत वाचून दाखवू लागल्या. आणि तासाभरातच जावईबापूंना कळलं की ही सिस्टीम ज्याने कोणी बनवली त्याला चांगला चोप द्यायला हवा. अक्षरं एवढी मोठी की स्क्रीनवर नऊ शब्द मावायचे, दहावा आला की पहिला वर निघून जायचा. चुकून एक परिच्छेद पुसला गेला तर परत आणायची सोय नाही, तो पुन्हा पहिल्यापासून लिहायचा. दुपारी त्यांनी सवयीने वेळ बघायला कोपऱ्यात नजर टाकली. कोपरा कोरा होता.

"किती वाजले असतील हो?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच म्हणालात ना, घड्याळाने ताण येतो," सासूबाई म्हणाल्या. "पाचवं झालं. टाका टोपलीत."

सुरुवातीला टोपलीत कागद टाकला की तो आत आहे ना, हे जावईबापू दोनदा बघायचे. पण आदेश तर कालच काढून टाकला होता, आणि टोपली तशीच भरलेली राहत होती. सातव्या प्रकरणानंतर त्यांना टोपली आवडायला लागली. झालं, टाकलं, पुढचं घेतलं, यात एक सुख होतं. खरं तर किती सोयीची पद्धत आहे ही, असं त्यांनी दहाव्या प्रकरणानंतर मोठ्याने बोलूनही दाखवलं. सासूबाईंनी त्यांच्यासमोर चहाचा कप ठेवला. जेवायलाही ते मेज सोडून उठले नव्हते, याची त्यांनी मनातल्या मनात नोंद घेतली होती.

बारावं प्रकरण टोपलीत पडलं तेव्हा खिडकीबाहेर उन्हं कलली होती. जावईबापूंनी आळोखेपिळोखे दिले. बायको आत आली, टोपलीत बारा कागद मोजले आणि दोन दिवसांत पहिल्यांदा नवऱ्याकडे बघून हसली. आता फक्त पाठवायचं होतं.

एक गोष्ट सांगायची राहिली. आदेश काढून टाकला तरी तो बदल यंत्र एकदा बंद करून पुन्हा चालू केल्यावरच लागू होणार होता, आणि यंत्र कालपासून चालूच होतं. दुसऱ्या कुठल्याही यंत्राने हे सांगितलं असतं. एकदा नाही, दर दहा मिनिटांनी सांगितलं असतं, जावईबापू चिडेपर्यंत सांगितलं असतं. निवांत कधी कोणाला त्रास देत नसे.

संगणकातून पक्ष्याने गोड शीळ घातली.

स्क्रीनवर मेज होतं, कपाट होतं, आणि एक स्वच्छ टोपली होती.

"सहा वाजले," सासूबाई म्हणाल्या. "इस्त्रीवाला येऊन गेला."

सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता जावईबापू प्रकाशक बाईंच्या ऑफिसच्या पायऱ्या चढत होते. खाकी कागदाची गुंडाळी त्यांनी तान्ह्या मुलासारखी दोन्ही हातांवर धरली होती आणि मागून सासूबाई "कडा चुरगळू नका" असं बजावत येत होत्या. रात्री टाइप करून द्यायला बायको तयार होती, पण सासूबाईंनीच नको म्हटलं. दोन वेळा फाटलेल्या जागी तिसऱ्यांदा टीप मारायची नसते, असं त्या म्हणाल्या.

प्रकाशक बाईंनी गुंडाळी टेबलावर पसरली. पहिली बाही वाचायला त्या टेबलाभोवती अर्धी फेरी फिरल्या. दुसरीला पूर्ण फिरल्या. जावईबापू भिंतीला टेकून उभे होते, काय विचारलं जाईल त्याची उत्तरं मनात जुळवत होते आणि एकही जुळत नव्हतं.

"हे तुम्ही टाइप करून का नाही आणलं?" प्रकाशक बाईंनी सासूबाईंना विचारलं.

सासूबाईंनी जावयाकडे एकदा पाहिलं. "आमच्या जावईबापूंनी आणू दिलं नाही," त्या म्हणाल्या.

"बरोबर केलं त्यांनी," प्रकाशक बाई म्हणाल्या. "हे असंच छापायचं. बाहीच्या आकारात. वाचणारा कागद फिरवील तेव्हाच त्याला ती गोलाई कळेल."

त्या वाक्यानंतर परतीच्या वाटेवर जावईबापूंची मान पुन्हा हळूहळू ताठ व्हायला लागली. घरी पोचेपर्यंत तर, हे सगळं आपल्या मनात कुठेतरी होतंच, असं त्यांना वाटायला लागलं होतं. बायकोला तसं सांगावं असा त्यांचा विचारही झाला. तिचा चेहरा बघून तो त्यांनी बदलला.

पुस्तक निघालं. सासूबाईंनी ते नाकाशी धरून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत फिरवत फिरवत वाचलं, आणि मिटल्यावर त्यावरून कितीतरी वेळ हात फिरवत बसल्या. एक प्रत त्यांनी जावईबापूंना दिली. शेवटच्या पानावर आभार होते, आणि त्यात जावईबापूंचा उल्लेख सर्वांत वर होता. ऑफिसात दाखवायला म्हणून त्यांनी ते पुस्तक पिशवीत घातलं आणि निघण्याआधी ते पान एकदा वाचून घेतलं.

"आमच्या जावईबापूंचे आभार. हे पुस्तक त्यांनी दोन वेळा इस्त्रीला नेलं. दोन्ही वेळचे कपडे अजून परत आलेले नाहीत."

जावईबापूंनी पुस्तक पिशवीतून काढलं आणि कपाटात ठेवलं. टोपलीत ठेवायची त्यांची छाती झाली नाही.