शंभर दिवस, शून्य तक्रारी

शुक्रवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी प्रबोध नातूच्या लॅपटॉपवर सत्तावीस टक्के बॅटरी शिल्लक होती. वायर लावलेली होती, भिंतीवरचं बटण चालू होतं आणि त्याच बटणावर पंधरा मिनिटांपूर्वी मिक्सर व्यवस्थित फिरला होता. तरी चार्जिंगचा दिवा लागत नव्हता. प्रबोधने वायर काढली, पुन्हा लावली. आता सव्वीस टक्के होती.

दुसऱ्या कोणाच्या घरी ही गोष्ट एका फोनवर संपली असती. पण सिंगापूरच्या पाया लेबार भागातल्या ज्या कंपनीत प्रबोध नोकरी करत होता, तिथल्या सहाशे लोकांचे लॅपटॉप नीट ठेवण्याचं काम ज्या चार माणसांच्या डेस्ककडे होतं, त्या डेस्कचा प्रमुख तोच होता. दुपारी चार वाजता संचालक मिसेस गोह यांच्यासमोर त्याला वर्षभराच्या कामाचं सादरीकरण करायचं होतं. त्यात एक आलेख होता. वर्षाच्या सुरुवातीला महिन्याला साठ तक्रारी, मग तीस, मग नऊ, मग काहीच नाही. आज एकाही तक्रारीशिवायचा शंभरावा दिवस होता. सादरीकरण चांगलं झालं तर प्रबोधला बढती मिळणार होती. त्याचा वर्क पास, म्हणजे परदेशात नोकरी करायचा परवाना, जानेवारीत संपत होता, आणि कंपनीला जो माणूस हवा असतो त्याचाच पास कंपनी वाढवते, हे सिंगापुरात आठ वर्षं काढल्यावर वेगळं सांगावं लागत नाही.

"अरे, मग ऑफिसात कळव ना," त्याची बायको मधुवंती म्हणाली. शुक्रवारी दुपारपर्यंत तो घरूनच काम करत असे; मुलीच्या शाळेला इथल्या ऑक्टोबरमधल्या बालदिनाची सुट्टी होती, म्हणून तीही रजा घेऊन घरी होती. "तुमचं ते डेस्क आहे की."

"मीच ते डेस्क आहे."

"मग स्वतःला कळव."

"कळवलं की तक्रार नोंदली जाते. नोंदली की दिवसांचा आकडा शून्यावर येतो."

"आणि नाही कळवलं तर?"

"तर लॅपटॉप शून्यावर येतो."

तात्पुरता दुसरा लॅपटॉप घ्यायचा म्हटलं तरी आधी तक्रार लागत होती. फाइल घरच्या कॉम्प्युटरवर उघडायला बंदी होती. हे दोन्ही नियम प्रबोधनेच केले होते आणि त्यात पळवाट राहू नये म्हणून दोन शनिवार घालवले होते. त्याने लॅपटॉप बंद करून ठेवला आणि दोन मजले खाली राहणाऱ्या नंदू पेडणेकरांना फोन लावला.

नंदू पेडणेकर मालवाहू जहाजावर चीफ इंजिनिअर होते. पुढच्या जहाजाला अजून तीन आठवडे होते. तोपर्यंत चोआ चू कांगमधल्या त्यांच्या इमारतीतल्या बऱ्याच मराठी घरांतले नळ आणि पंखे त्यांनी दुरुस्त करून दिले होते. त्यातले काही बिघडलेले नव्हते. फोन ठेवल्यावर चौथ्या मिनिटाला ते हत्यारांची पिशवी घेऊन दारात उभे होते.

"पहिला नियम," चपला काढता काढता ते म्हणाले, "मशीन बंद पडलं की आधी मालकाला बाजूला करायचं. प्रबोधराव, तुम्ही तिकडे सोफ्यावर बसा. वहिनी, चहा चालेल."

त्यांनी घरातली सहाही बटणं तपासली. वायर मधुवंतीच्या लॅपटॉपला लावून पाहिली. तिथे दिवा लगेच लागला. म्हणजे वीज ठीक, वायर ठीक. उरलं ते लॅपटॉपच्या कडेचं छिद्र. वायरची पिन त्यात पूर्ण आत जात नव्हती, केसभर बाहेर राहत होती. पण हे कोणाच्याच लक्षात आलं नाही, कारण दोघेही यापेक्षा मोठं कारण शोधत होते. नंदूंनी डोळा बारीक करून छिद्रात टॉर्च मारला.

"लाल आहे."

"काय लाल आहे?"

"गंज. समुद्राची हवा लागली."

"नंदूदादा, लॅपटॉप सहा महिन्यांचा आहे. आणि चोआ चू कांगमध्ये समुद्र कुठाय?"

"बेट आहे, प्रबोधराव. जाल तिकडे समुद्रच. तीस वर्षं गंज बघतोय मी." त्यांनी पिशवीतून गंज काढायचा फवारा बाहेर काढला.

"फवारा नको!" नवराबायको एकदम म्हणाले.

"बरं, मग कोरडं काम करू. टूथपिक आहे?"

टूथपिक होती. नंदूंनी ती छिद्रात घातली, थोडी फिरवली, जरा जोर लावला. कट्ट असा बारीक आवाज आला. इंजिनरूममधून कॅप्टनला वाईट बातम्या देऊन देऊन कमावलेल्या शांत स्वरात ते म्हणाले, "टोक आत राहिलं."

प्रबोध सोफ्यावरून उठला आणि पुन्हा बसला.

"पण मुळात गंज का आला? ओल गेली म्हणून," नंदूंनी विषय पुढे नेला. "ओल काढली पाहिजे."

"राइसमध्ये ठेवा लाह," दहा वर्षांची किमया टॅबलेटमधून डोकं वर न काढता इथल्या शाळेच्या बोलीत म्हणाली. "वर्गातल्या जिया हुईचा फोन पूलमध्ये पडला. राइसमध्ये ठेवला, वन डे, ओके ऑलरेडी."

"पोरगी हुशार आहे," नंदू म्हणाले.

प्रबोध स्वतः दर महिन्याला सहाशे लोकांना पत्र लिहून असले घरगुती उपाय करू नका असं बजावत असे. पण तेव्हा त्या सहाशे लोकांना चार वाजता मिसेस गोहसमोर उभं राहायचं नव्हतं. तो बायकोला म्हणाला, "तांदूळ किती आहे?"

"बासमती नाही हं मिळायचा, पाहुण्यांसाठी ठेवलाय. आंबोळ्यांची कणी आहे पाच किलो, ती घे."

बारा वाजून पाच मिनिटांनी लॅपटॉप कणीच्या डब्यात आडवा गाडला गेला. नंदू शेजारी स्टुलावर बसून राहिले. दर दहा मिनिटांनी ते डब्याला हात लावून तापमान ठीक असल्याचं सांगत. एक वाजता लॅपटॉप बाहेर काढला, झटकला, वायर लावली. दिवा लागला नाही. पिन आता केसभर नाही, चांगली जवभर बाहेर राहत होती.

"कंपनीचं काम कंपनीनेच करावं," नंदू म्हणाले आणि उरलेला चहा संपवून जेवायला खाली गेले.

प्रबोधने डेस्कवरच्या परेशला फोन केला. परेश त्याच्या हाताखाली चार वर्षं होता आणि विश्वासू होता.

"परेश, सहज विचारतोय. माझ्या एका मित्राचा लॅपटॉप चार्ज होत नाहीये. बाहेर कुठे चांगला माणूस आहे का?"

"अंकल टे," परेश क्षणाचाही विलंब न लावता म्हणाला. "आपल्या समोरच्या मॉलमध्ये, दुसरा मजला, विगच्या दुकानाशेजारी. एक ते दोन जेवायला जातो. कॅश घेतो, पण बिल मागायचं नाही, चिडतो. शुक्रवारी गर्दी कमी असते."

"तुला बरीच माहिती आहे."

"ऐकून आहे, सर," परेश म्हणाला.

एमआरटीने, म्हणजे मेट्रोने, पाया लेबारला पोचून दुकान शोधेपर्यंत पावणेतीन झाले. दुकान म्हणजे एक काउंटर, एक दिवा आणि मागे भिंतभर कपाट. अंकल टे सत्तरीचे असावेत. त्यांनी प्रबोधचं बोलणं ऐकून घेतलं नाही. भिंग डोळ्याला लावलं, बारीक चिमटा उचलला आणि दोन मिनिटांत तीन वस्तू काढून पांढऱ्या कागदावर ओळीने मांडल्या. टूथपिकचं टोक. तांदळाची एक पांढरी कणी. तांदळाची एक लाल कणी.

"धिस वन व्हाइट, टुडे," अंकल म्हणाले. "यू पुट इन राइस, ना? एव्हरीबडी पुट इन राइस. व्हाय?"

प्रबोध लाल कणीकडे वाकून पाहू लागला.

"धिस वन रेड, यस्टरडे. यस्टरडे युअर फेस्टिव्हल. एव्हरी इयर, सेम वीक, इंडियन कस्टमर, रेड राइस. चायनीज न्यू इयर, पाइनॅपल टार्ट. आय सी द होल, आय नो व्हॉट मंथ."

काल दसरा होता. पाटावर किमयाची पुस्तकं आणि नंदूंनी मुद्दाम पाठवलेला पाना मांडल्यावर जागा उरली नव्हती, म्हणून लॅपटॉप भिंतीला टेकून उभा ठेवला होता, छिद्राची कड वर करून. मधुवंतीने हळद, कुंकू वाहिलं होतं आणि मग मोकळ्या हाताने अक्षता. अक्षता म्हणजे न तुटलेले तांदूळ. बासमती पाहुण्यांसाठी राखल्यामुळे त्या कशाच्या झाल्या होत्या, ते आता कागदावर पडलं होतं.

अंकलनी वायर लावली. दिवा लागला. प्रबोधने श्वास सोडला आणि पैसे काढले.

"युअर कंपनी व्हेरी केअरलेस, आह," अंकल सुटे मोजत म्हणाले. "एव्हरी वीक कमिंग."

"नो नो, इन अवर कंपनी, हंड्रेड डेज, नॉट वन—"

अंकलनी अंगठ्याने मागे खूण केली. कपाटाच्या मधल्या फळीवर अकरा लॅपटॉप उभे होते. अकराहीवर निळे स्टिकर होते. ते स्टिकर प्रबोधने निवडले होते, आकडे प्रबोधने दिले होते. चारशे सतरा म्हणजे एचआरची अनघा. दोनशे तीस म्हणजे सेल्समधला क्षितिज. तीनशे अठ्ठ्याऐंशी म्हणजे परेश.

"बट व्हाय डोन्ट दे रिपेअर इट इन ऑफिस?" प्रबोधने अडखळत विचारलं.

"दे से द फॉर्म टू लाँग, लाह. ट्वेंटी-थ्री क्वेश्चन. सम क्रेझी फेलो राइट द फॉर्म."

तो अर्ज प्रबोधने लिहिला होता. त्यात सातवा प्रश्न होता: घटनेच्या वेळी लॅपटॉपच्या तीन फुटांच्या आत कोणकोणते द्रव पदार्थ होते? बारावा: दोन साक्षीदारांची नावं. एकोणिसावा: ही घटना टळावी म्हणून आपण काय करायला हवं होतं, किमान शंभर शब्दांत. अर्ज आल्यापासून तक्रारी घसरल्या होत्या. लोक काळजी घ्यायला शिकले, असं सादरीकरणाच्या चौथ्या पानावर लिहिलेलं होतं.

चार वाजता प्रबोधने तेच पान मिसेस गोहना दाखवलं. दुसरं काही दाखवण्याइतका वेळ नव्हता. खोलीत परेश, अनघा आणि क्षितिज बसले होते. आलेखाची रेघ खाली खाली येऊन तळाला टेकली, तेव्हा तिघेही टेबलाकडे बघत होते.

"शंभर दिवस, शून्य तक्रारी," मिसेस गोह इंग्रजीत म्हणाल्या. "फार छान काम." प्रबोध हसला. "मग एक सांगा. शंभर दिवस तक्रारच नाही, तर डेस्कवरची चार माणसं दिवसभर काय करतात?"



"मला वाटतं," त्या पुढे म्हणाल्या, "जानेवारीपासून डेस्क बंद करू. काम इतकं चांगलं झालंय की गरजच उरली नाही. प्रबोध, तुमचं वेगळं काहीतरी बघता येईल का, ते मी विचार करून सांगते."

विचार करून सांगते म्हणजे काय, हे वर्क पासवर राहणाऱ्या माणसाला बरोबर कळतं. प्रबोधने आलेखाकडे पाहिलं. नऊ महिने खपून त्याने ती रेघ खाली आणली होती. तो उभा राहिला.

"मॅडम, एक तक्रार आहे."

"कधीची?"

"आजची."

"कोणाची?"

"माझी. माझ्या लॅपटॉपमध्ये तांदूळ गेला होता. दोन प्रकारचा. समोरच्या मॉलमधून काढून आणला."

मिसेस गोहनी चष्मा काढला. परेशने डेस्क बंद झाल्यावर आपलं काय होणार याचा हिशेब बहुधा त्याच वेळी पुरा केला असावा. त्याने हात वर केला.

"माझा ऑगस्टमध्ये गेला होता, मॅडम. कॉफी सांडली. परत परवा."

"माझा अजून तिथेच आहे," अनघा म्हणाली.

"माझे दोन," क्षितिज म्हणाला. "एक बायकोने आपटला. दुसरा मी."

"एकूण किती असतील?"

"आज फळीवर अकरा होते," प्रबोध म्हणाला. "फळ्या पाच आहेत."

"मग कोणी कळवलं का नाही?"

तिघांनीही प्रबोधकडे पाहिलं. शेवटी अनघाने आपल्या फोनवर अर्ज उघडला आणि टेबलावरून पुढे सरकवला. मिसेस गोहनी तो सगळा वाचला. एकोणिसाव्या प्रश्नापाशी त्या थांबल्या, मागे गेल्या आणि तो पुन्हा वाचला. मग त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. समोर तोच मॉल होता.

"सोमवारपासून अर्ज तीन ओळींचा," त्या उठत म्हणाल्या. "ते सगळे लॅपटॉप परत आणा. आणि एवढं काम तुंबलं असेल तर चार माणसांना झेपणार नाही. लेखी द्या, मंजूर करते."

साडेसात वाजता प्रबोध घरी पोचला. मधुवंती कणी चाळणीतून काढत होती, न जाणो कंपनीचा एखादा स्क्रू असेल म्हणून.

"काय झालं रे? बढती?"

"बढती नाही. पण पासची काळजी मिटली. डेस्कवर दोन माणसं वाढवून मिळाली."

"अगंबाई! कशाबद्दल?"

प्रबोधने बूट काढले, मोजे बुटांत नीट कोंबले आणि खरं तेच सांगितलं.

"काम होत नाहीये म्हणून."