पात्यातली भोकं

कल्पना करा हं! केकवर क्रीम पिळतात ना, तसा एक यंत्राचा हात वितळलेला धातू पिळतो आहे. विजेच्या झोतानं तार वितळते, थरावर थर चढतो आणि हळूहळू जहाजाच्या पंख्याचं पातं उभं राहतं. एम्डेनच्या बंदरावर गेशेच्या कारखान्यात असंच काशाचं पातं तयार होत होतं. फक्त त्यात भोकं पडत होती.

पहिलं भोक दिसल्यावर गेशेनं तार तपासली. मग यंत्र तपासलं. मग तिची नजर वडिलांवर, म्हणजे उब्बोआजोबांवर गेली. त्यांनी जन्मभर हातानं वेल्डिंग केलं होतं आणि यंत्र आल्यापासून ते त्याला ‘लोखंडी जावई’ म्हणत.

“बाबा, खरं सांगा. यंत्राला हात लावलात?”

“त्या जावयाला? मी त्याला साधा चहा विचारला नाही!”

“मग भोकं कशी पडतात?”

“त्यालाच विचार. तुझा लाडका आहे.”

गेशेचा संशय पक्का झाला. बाजारात जाऊन येते असं सांगून ती मागच्या बाजूला गेली आणि खिडकी बोटभर उघडी ठेवून कान लावून उभी राहिली. त्या दिवशी जास्त भोकं पडली. दुसऱ्या दिवशी नीट ऐकू यावं म्हणून तिनं खिडकी हातभर उघडली. पात्याची पार चाळण झाली!

“उद्या एक जरी भोक दिसलं, तर कारखान्याची किल्ली माझ्याकडे द्यायची,” तिनं बजावलं.

उब्बोआजोबांचा कप बशीवर आदळला. ती किल्ली गेशेच्या जन्माआधीपासून त्यांच्या खिशात होती. त्या रात्री ते जेवले नाहीत, हे फक्त त्यांच्या नातीनं, विब्केनं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. विब्के यंत्राभोवतीच्या लाल पडद्याबाहेर आजोबांच्या शेजारी बसली. एकाएकी पडदा फुगला.

“आजोबा, वारं आलं तर चालतं?”

“छे गं! तापलेल्या धातूवर आर्गॉन वायूचं पांघरूण असतं. ते उडालं की हवा आत शिरते, बुडबुडे होतात, आणि मग...” आजोबा थबकले. “पण वारं येणार कुठून? खिडकी तर तुझी आई सकाळीच लावते.”

विब्केनं मागे पाहिलं. खिडकी सताड उघडी होती आणि चौकटीच्या कडेला एक पिवळी पावसाळी टोपी डोकावत होती.

ती खोक्यावर चढली. “आई, डोकं बाहेर घे.”

“शू! हळू बोल! आजोबांना कळेल ना!” टोपीखालून आई कुजबुजली. “मी पाळत ठेवतेय.”

“ते दिसतंच आहे,” असं म्हणून विब्केनं खिडकी लावली आणि कडी घातली. बाहेर पाऊस सुरू झाला होता. आई काचेवर टकटक करू लागली.

“कोण आहे गं?” आजोबांनी विचारलं.

“भोकं पाडणारं,” विब्के म्हणाली. पडदा आता गप्प लोंबत होता. काचेपलीकडे आईचे ओठ रागानं हलत होते. विब्केनं ओठांवर बोट ठेवलं, यंत्राकडे खूण केली, आणि तो थर पुरा होईपर्यंत कडीवरचा हात काही काढला नाही.