कडूबा अध्यक्ष होतो

हर्सूलच्या कडूबाने राजकुमारभाऊंच्या सभांसाठी आयुष्यभर सतरंज्या अंथरल्या आणि उचलल्या. यंदाही नगरसेवकाचं तिकीट भाऊंच्या मेव्हण्याला गेलं. कडूबा रुसून बसला, तेव्हा भाऊंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"तुमच्याकडच्या सरकारी शाळेच्या समितीवर अध्यक्ष हो. सुरुवात तिथूनच असते."

अडचण एकच होती. समितीवर यायचं तर आपलं लेकरू त्या शाळेत असावं लागतं, आणि कडूबाची पोरगी प्रेरणा इंग्रजी शाळेत पाचवीला होती.

"काढ तिला," भाऊ म्हणाले. "ती इंग्रजी शाळा आपलीच हाय. निवड झाली की परत घेऊ, मग कोण तपासतंय? जागा राखून ठिवतो."

कडूबाची बायको सुलेखा आधी भांडली, मग रडली. "पोरगी हाय का सतरंजी? उचलली की टाकली!"

तरी प्रेरणाची शाळा बदललीच. पालकसभेत कडूबा माईकवर गरजला, "गोरगरिबांच्या शाळेवर माझा विश्वास हाय, म्हणून माझं लेकरू इथं घातलं!"

लई टाळ्या पडल्या. पुढं बसलेल्या एका आजीने शेजारच्या प्रेरणाला कौतुकाने विचारलं, "व्हय गं, आवडली का शाळा?"

"आवडली," प्रेरणा खणखणीत आवाजात म्हणाली. "पण पप्पा निवडून आले की मी परत माझ्या शाळेत जाणारे."

 मग मागून कुणीतरी फिसकन हसलं.

 पण पडलेली सभा उचलायची कडूबाला सवय होती. "लेकराला काय कळतंय? आईची शपथ घेऊन सांगतो, ही शाळा संपेस्तोवर प्रेरणा इथंच शिकंल!"

कडूबा बिनविरोध निवडून आला. हार गळ्यात पडतो न पडतो तोच भाऊंचा फोन आला.

"सभेचा व्हिडिओ पाहिला राव. डोळ्यात पाणी आलं! लगेच इंग्रजी शाळेत सांगितलं, प्रेरणाची जागा मेव्हण्याच्या पोराला देऊन टाका."

"पण भाऊ, तुम्ही तर..."

"आता शब्द फिरवू नको. पार्टीच्या इज्जतीचा सवाल हाय."

कडूबा हार घालूनच घरी आला. प्रेरणा माठापाशी उभी राहून घटाघटा पाणी पीत होती. एक पेला संपला, तिने दुसरा भरला.

"दमानं पी गं," तो म्हणाला. "शाळेत पाणी नाय का?"

"पाणी हाय. मीच पीत नाय." प्रेरणाने तोंड पुसलं. "मुलींच्या संडासाला दार नाय ना, पप्पा."

कडूबाने सुलेखाकडे पाहिलं. तिने पोळी उलटली.

"अर्ज कर, बाई," ती लेकीला म्हणाली. "अध्यक्षांच्या नावानं."